आखाड्यावरचा राखणदार गल्लीत आल्यावर एवढा का भुंकतो? चिडक्या कुत्र्याला गर्दीत शांत राहायला शिकवण्याची गोष्ट

नांदेडहून लातूरकडे निघालं की लोहा तालुक्यात माळेगाव लागतं. मार्गशीर्षाच्या अखेरीस, म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारीत, तिथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, लालकंधारी आणि देवणी गाई-बैल, तमाशाचे फड, भंडारा उधळणारी माणसं, पाळणे, भोंगे असं सगळं एकाच माळावर असतं. जिल्हा परिषद पशुप्रदर्शनाबरोबर घोड्यांचं, कोंबड्यांचं आणि श्वानांचंही प्रदर्शन भरवते. खंडोबाच्या यात्रेत कुत्र्याला मान असणं तसं साहजिकच आहे. मल्हारीच्या चित्रात घोड्याच्या पायाशी कुत्रा असतोच.

या श्वान प्रदर्शनातल्या कुत्र्यांकडे नीट बघा. लांब पायांचा, पोट आत गेलेला एखादा कारवान मालकाच्या पायाशी शांत बसलेला असतो. शेजारून घोडा गेला तरी तो फक्त मान वळवतो. दहा हातांवर तसाच दुसरा कारवान साखळी ताणून, दोन पायांवर उभा राहून, घशातून आवाज फाटेपर्यंत भुंकत असतो. जात एक, तालुकाही कदाचित एकच. मग एवढा फरक का?

हा प्रश्न प्रदर्शनापुरता नाही. नांदेडच्या तरोडा नाक्यावर किंवा लातूरच्या औसा रोडवर पहाटे पाळीव कुत्रा घेऊन निघणाऱ्या कितीतरी जणांचा हाच प्रश्न आहे. घरात गाय असलेलं कुत्रं रस्त्यावर दुसरं कुत्रं दिसलं की वाघ होतं. दोन-चार वेळा तमाशा झाला की मालकाला लाज वाटायला लागते, फिरवणं कमी होतं, मग बंद होतं आणि कुत्रं कायमचं गच्चीवर किंवा जिन्याखाली साखळीला लागतं. तिथे ते जास्त चिडतं. एखाद्या दिवशी साखळी तुटते किंवा गेट उघडं राहतं आणि शेजारच्या पोराला चावा बसतो. आपल्याकडे ‘कुत्रं सोडून आलो’ या वाक्यामागे बऱ्याचदा हीच सगळी कहाणी असते.

अशा कुत्र्याला इंग्रजीत ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणतात. आपण त्याला चिडकं म्हणू, पण एक गोष्ट आधी स्पष्ट करू. चिडकं म्हणजे खुनशी नव्हे. एखादी गोष्ट दिसली किंवा ऐकू आली की गरजेपेक्षा फार मोठी प्रतिक्रिया देणारं, एवढाच त्याचा अर्थ. काही कुत्री भीतीने भुंकतात, म्हणजे ‘लांब जा’ असं सांगतात. काही उलट जवळ जायचं असूनही दोरीमुळे जाता येत नाही म्हणून चिडतात. काहींना पळणारी प्रत्येक वस्तू शिकार वाटते. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. बहुतेक वेळा मुळाशी भीती असते, आणि मालकाला ते शेवटी कळतं, कारण भुंकणारं कुत्रं कुणालाच घाबरलेलं वाटत नाही.

आखाड्यावर जो गुण, तोच गल्लीत दोष

मराठवाड्यात या प्रश्नाला एक खास स्थानिक बाजू आहे. आपल्याकडची बरीच कुत्री आखाड्यावर वाढलेली असतात. शेतातला गोठा, कडब्याची गंज, सालगड्याचं घर आणि राखणीला एक-दोन कुत्री. अनोळखी माणूस बांधावर दिसला की कुत्र्याने भुंकायचं, हेच तर तिथलं काम. माणूस निघून गेला की कुत्र्याच्या डोक्यात हिशेब पक्का होतो: मी भुंकलो, संकट टळलं. खरं तर तो माणूस आपल्या वाटेनेच चाललेला असतो, पण कुत्र्याला ते कोण सांगणार? दिवसातून चार वेळा, दोन वर्षं हा धडा गिरवला गेला की तो रक्तात उतरतो. मग मुलांच्या शिक्षणासाठी घर लातूरला येतं, कुत्रंही येतं, आणि शिकवणी सुटायच्या वेळी शंभर सायकली आणि दुचाकी एकदम रस्त्यावर येतात. आखाड्यावर महिन्याभरात जेवढे अनोळखी लोक दिसायचे, तेवढे इथे पाच मिनिटांत.

त्यात वयाचा भाग आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर अनेक वर्षं काम करून १९६५ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांच्या कामातून पुढे आलेली गोष्ट आज जगभर मान्य आहे: साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन जगाला ‘हे चालतं’ असं म्हणायला तयार असतं. या काळात ज्या माणसांची, आवाजांची, जनावरांची सुखाने ओळख झाली ती पुढे नेहमीची वाटतात. जे दिसलंच नाही ते नंतर संशयास्पद वाटतं. आखाड्यावरच्या पिल्लाने या काळात बैल, शेळ्या, ट्रॅक्टर पाहिलेले असतात. लिफ्ट, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, घरपोच जेवण आणणारा दुचाकीवाला पाहिलेला नसतो.

कारवानाचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. याच कुत्र्याला कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणतात, आणि अंगावर लांब रेशमी केस असलेल्याला आपल्याकडे पश्मी म्हणतात. टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यात एक मुधोळचं होतं. हा नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे. नाकापेक्षा डोळ्यांवर त्याचा भर, आणि हललं की पळायचं हे पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलेलं. अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला त्याला सहसा आवडत नाही. म्हणजे दूरवरचं मांजर त्याला तुमच्या आधी दिसणार, आणि ‘अरे किती छान कुत्रं’ म्हणत डोक्यावर हात ठेवणारे काका त्याला नकोसे वाटणार. हे त्याचं वाईट वळण नाही. पण शिकवताना याचा हिशेब धरावा लागतो.

पातेलं उतू जातं ते शेवटच्या चमच्याने नाही

मालकांची नेहमीची तक्रार असते, ‘काल याच कुत्र्याजवळून शांत गेला, आज काय झालं?’ गॅसवर ठेवलेलं दुधाचं पातेलं आठवा. सकाळी कचरा गाडीचं गाणं, मग दारावरची बेल, मग शेजारी ड्रिल मशीन, मग जिन्यात अचानक समोर आलेला माणूस. दर वेळी आच थोडी वाढते, पण दूध पातेल्यातच असतं. संध्याकाळी रस्त्यावर एक साधं, झोपलेलं कुत्रं दिसतं आणि दूध उतू जातं. आपण दोष त्या झोपलेल्या कुत्र्याला किंवा आपल्या कुत्र्याच्या ‘लहरी’ला देतो.

आच वाढत असल्याची चिन्हं भुंकण्याच्या बरीच आधी दिसतात. समोर खाणं नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, कान मागे किंवा एकदम पुढे, मानेवरचे केस उभे राहणं, तोंड मिटून अंग ताठ होणं, एकाच दिशेला टक लावणं. शेपटी हलते म्हणजे कुत्रं खूश आहे, हा समज मनातून काढून टाका. ताठ, उंच धरून भराभर हलणारी शेपटी ही धोक्याचीही खूण असते. सगळ्यात महत्त्वाची खूण खाण्याची: एरवी उड्या मारून खाणाऱ्या कुत्र्याने रस्त्यावर तोंडापुढची चिकनची फोड नाकारली, तर ते सहन करण्याच्या मर्यादेपलीकडे गेलं आहे. त्या क्षणी शिकवणं बंद. फक्त लांब जायचं.

‘दोन रट्टे दिले की सरळ होतं’

हे वाक्य घरातले आजोबा म्हणतील, मित्र म्हणेल, आणि इन्स्टाग्रामवर पिळदार दंडाचा एखादा प्रशिक्षक काटेरी पट्टा दाखवत जास्तच ठासून म्हणेल. म्हणून इथे जरा थांबू.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २००९ मध्ये १४० मालकांची माहिती प्रसिद्ध केली. ही कुत्री वागण्याच्या तक्रारींसाठी त्यांच्याकडे आणलेली होती. ज्या मालकांनी कुत्र्याला मारून किंवा लाथ घालून पाहिलं होतं, त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांना कुत्र्याने उलटून आक्रमक प्रतिसाद दिला होता. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. धाक आणि वेदना वापरणाऱ्या शाळांतली कुत्री जास्त ताणाखाली दिसली आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाण वाढलेलं आढळलं.

कारण कुत्र्याच्या बाजूने बघितलं तर सोपं आहे. समोर दुसरं कुत्रं दिसलं आणि त्याच क्षणी मानेला हिसका बसला किंवा पाठीत काठी पडली. कुत्रं काय शिकणार? ‘भुंकू नये’ हे, की ‘दुसरं कुत्रं दिसलं की मला दुखतं’ हे? काही कुत्री मार खाऊन खरंच गप्प होतात, आणि मालक खूश होतो. पण भीती तिथेच असते, फक्त गुरगुरणं गेलेलं असतं. मग ते न गुरगुरता चावतं आणि लोक म्हणतात, ‘काही कारण नसताना चावलं’. गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली नोटीस आहे. ती फाडून टाकण्यात फायदा कुणाचाच नाही.

काम कसं करतं

मुळातली कल्पना रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांची. घंटा वाजली की खाणं येतं हे कळल्यावर कुत्र्याला घंटेनेच लाळ सुटते. आपल्याला घंटेच्या जागी ‘दुसरं कुत्रं’ ठेवायचं आहे. दुसरं कुत्रं दिसलं की काहीतरी भन्नाट खायला मिळतं, एवढा एकच संबंध त्याच्या डोक्यात इतक्या वेळा जुळवायचा की भीतीची जागा हळूहळू अपेक्षेने घ्यावी. आणि हे अशा अंतरावरून करायचं, जिथे भीती अजून जागी झालेली नाही.

‘पण भुंकणाऱ्याला चिकन दिलं तर तो भुंकण्याचं बक्षीस नाही का समजणार?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की आधी आपण भुंकण्याची वेळच येऊ देत नाही. आणि चुकून आलीच, तरी भीती ही युक्ती नव्हे. अंधाराला घाबरलेल्या लेकराला आईने जवळ घेतलं म्हणून ते उद्या जास्त घाबरत नाही.

घरापासून सुरुवात करा. एक छोटा शब्द ठरवा. ‘हां!’ चालेल. ‘शाब्बास’ जरा लांब पडतो, आणि आपण तो दर वेळी वेगळ्या सुरात म्हणतो. ‘हां!’ म्हणा आणि लगेच शेंगदाण्याच्या अर्ध्या डाळिंबीएवढा तुकडा द्या. एका बैठकीत १५-२० वेळा. चार-पाच दिवसांत शब्द ऐकताच मान गर्रकन तुमच्याकडे वळायला लागते. तोवर बाहेर याचा उपयोग करू नका. दुसरा धडा ‘चल मागं’: हे म्हणत तुम्ही उलटं वळायचं, कुत्रं बरोबर आलं की तुकडा. हॉलमध्ये, गच्चीवर, जिन्यात. हा धडा रस्त्यावर तुमचा जीव वाचवणार आहे, त्यामुळे कंटाळा येईपर्यंत करा.

खाणं कोणतं? बाहेरच्या जगाशी स्पर्धा आहे, म्हणून रोजचं बिस्किट पुरत नाही. उकडलेलं चिकन, कलेजी, अंडं, पनीर यातलं कुत्र्याला जे वेड लावतं ते. शाकाहारी घरात पनीर आणि तुपाचा हात लावलेली भाकरी यावर काम भागवलेली कुत्री आहेत. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही, ती कुत्र्याला विषारी आहेत. आणि पोट भरलेलं असताना निघू नका.

मग अंतर शोधा. अशी जागा हवी जिथून लांबवर कुत्री किंवा माणसं दिसतात आणि तुम्हाला मागे सरकायला वाव असतो. सकाळचं रिकामं शाळेचं मैदान, गावाबाहेरचा प्लॉटिंगचा माळ, विष्णुपुरीच्या बाजूचा एखादा मोकळा रस्ता. लातूरची गंजगोलाई ही या यादीतली शेवटची जागा समजा. चहूबाजूंनी रस्ते येऊन मिळतात तिथे मागे सरकायचं कुठे? समजा तुमचं कुत्रं चाळीस पावलांवरचं दुसरं कुत्रं बघतं, कान उभे करतं, पण अजून तुमच्या ‘हां!’ला मान वळवतं. तर चाळीस पावलं ही तुमची जागा. तीस पावलांवर ताठ होत असेल तर तीसला जाऊ नका, लाज वाटली तरी.

आता क्रम नीट पाळायचा, कारण नव्वद टक्के गडबड इथे होते. आधी कुत्र्याने ‘ते’ बघायचं. बघितलं की ‘हां!’. मग खाणं. दिसतंय तोवर तुकडे चालू, नजरेआड झालं की तुकडे बंद. आपण बहुतेकदा उलटं करतो: दुसरं कुत्रं येताना आपल्याला आधी दिसतं, आपण घाबरून खिशात हात घालतो आणि तोंडापुढे चिकन नाचवतो. आठवड्याभरात आपलं कुत्रं शिकतं की मालकाचा हात खिशात गेला म्हणजे संकट आलं. पावलोव्ह झाला, पण उलटा.

काही आठवड्यांनी एक गमतीदार क्षण येतो. कुत्रं लांबचं कुत्रं बघतं आणि तुमच्या शब्दाची वाट न बघता स्वतःच वळून तुमच्याकडे बघतं, ‘दिसलं, आता दे’ अशा चेहऱ्याने. तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिथून पुढे अंतर कमी करायला हरकत नाही. पाचपैकी चार वेळा असं झालं तर दोन-तीन पावलं जवळ. पाचपैकी तीनदाच झालं तर आहे तिथेच. एका वेळी दहा मिनिटं पुरेत, आणि रोज केलंच पाहिजे असंही नाही. मोठा भडका उडाल्यानंतर एक-दोन दिवस घरीच वास शोधण्याचे खेळ खेळा. पोत्याखाली, कुंडीमागे तुकडे लपवा आणि हुंगू द्या. पातेलं निवायला वेळ लागतो.

किती दिवस लागतील? महिने. काही कुत्री तीन महिन्यांत रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने शांत जातात, काहींना वर्ष लागतं, काही कधीच गर्दीत रमत नाहीत. ‘सात दिवसांत गॅरंटी’ देणाऱ्याला फोन करू नका.

दोरी, पट्टा आणि मुसकं

साखळी सोडा. ती जड, आवाज करणारी आणि हाताला न धरता येणारी असते. पाच-सहा फुटांची जाड सुती किंवा नायलॉनची दोरी चांगली. दोरी सतत ताणलेली राहिली तर तो ताणच कुत्र्याला सांगतो की काहीतरी बिनसलंय, म्हणून हात सैल ठेवायची सवय तुम्हाला लावायची आहे, कुत्र्याला नाही. मान सोडून छातीवर ओढ येईल असा हार्नेस बरा. कारवान-पश्मीवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: यांचं डोकं मानेपेक्षा फार रुंद नसतं, कंबर बारीक असते, आणि घाबरल्यावर मागे सरकून ते साध्या पट्ट्यातून आणि साध्या हार्नेसमधूनही अलगद निसटतात. आणि निसटलेला कारवान तुम्ही पळून पकडणार नाही. हार्नेस आणि पट्टा दोन्ही लावून दोरी दोन्हींना अडकवणं हा साधा उपाय.

मळणीच्या वेळी बैलाला मुसकं बांधतो, तसं कुत्र्यालाही असतं. तोंड आवळून बंद करणारं कापडी मुसकं चालण्यासाठी वापरू नका. त्यात कुत्र्याला धापता येत नाही, आणि कुत्रं घामाने नव्हे तर मुख्यतः धापून अंग थंड करतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे जिवावर बेतू शकतं. टोपलीसारखं, आत तोंड उघडता येईल, पाणी पिता येईल असं घ्या. आधी दोन आठवडे त्यात चिकन ठेवून कुत्र्याला आपणहून तोंड घालू द्या. मुसकं लावलेलं कुत्रं बघून लोक दचकून लांब जातात, हा वर फायदा. याआधी एकदाही चावलेलं असेल, तर मुसक्याशिवाय गर्दीत नेऊ नका.

गल्लीतली कुत्री, ज्यांच्याविषयी परदेशी व्हिडिओ काही सांगत नाहीत

यूट्यूबवरचे बहुतेक धडे अशा देशांतले असतात जिथे रस्त्यावर मोकळी कुत्री नाहीत. तिथे तुम्ही अंतर ठरवता. इटवाऱ्यात किंवा बार्शी रोडच्या मागच्या गल्लीत अंतर चार मोकळी कुत्री ठरवतात.

त्यांचा नियम ओळखा. गल्लीतल्या टोळीची हद्द असते, आणि ती बहुधा चौक, नाला, कचराकुंडी अशा ठिकाणी संपते. दोन हद्दींच्या सीमेवर रेंगाळलात तर दोन्हीकडून मार. म्हणून फिरण्याचा रस्ता कागदावर काढा, कुठे किती कुत्री आणि किती वाजता ते लिहा. एकच रस्ता, एकच वेळ ठेवली तर महिन्याभरात टोळीला तुम्ही ओळखीचे होता, आणि ओळखीच्याकडे ती बसल्या बसल्या मान वर करून बघते आणि पुन्हा झोपते.

टोळी अंगावर आली तर पळू नका आणि डोळ्यांत डोळे घालू नका. आपल्या कुत्र्याला मागे घेऊन तुम्ही मध्ये उभे राहा आणि खिशातले भाकरीचे तुकडे मूठभर त्यांच्या बाजूला, जमिनीवर पसरून टाका. नाक खाली गेलं की पाय थांबतात. तेवढ्यात ‘चल मागं’. दगड उचलायला वाकण्याची खूण प्रत्येक गावठी कुत्र्याला कळते आणि ती टोळी मागे हटवते, हे खरं. पण तुमचंही कुत्रं बहुधा गावातलंच आहे. तेही दचकतं, आणि तुम्ही त्याच्यासाठी सुरक्षित जागा राहत नाही.

एखाद्या मोकळ्या कुत्र्याच्या कानाला खाच दिसली तर त्याची नसबंदी आणि रेबीजची लस झाल्याची ती खूण आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत ही पद्धत आहे. तरीही तुमच्या स्वतःच्या कुत्र्याची रेबीजची लस दरवर्षी चुकवू नका. कुणाला चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. तुमचं कुत्रं असेल तर जबाबदारी कायद्यानेही तुमची आहे: भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

माणसांचं काय? माणसं कुत्र्यांपेक्षा अवघड. ‘आमच्याकडं पण होतं, मला काही करत नाही’ म्हणत हात पुढे करणारे प्रत्येक कॉलनीत असतात. त्यांच्याशी वाद घालू नका. एक वाक्य पाठ करून ठेवा: ‘दादा, थोडं लांबून जाता का? कुत्रं शिकायलंय.’ शिकणाऱ्याला आपल्याकडे लोक वाट देतात, आणि लातुरात तर जास्तच.

आधी डॉक्टर

हे खरं तर सुरुवातीला यायला हवं होतं. एरवी शांत असलेलं कुत्रं अचानक चिडकं झालं असेल तर आधी पशुवैद्यकाकडे न्या. कान पिकलेला असतो, कंबर दुखत असते, दाढ किडलेली असते, गोचिडांमुळे ताप असतो. दुखणाऱ्या अंगाजवळ कुणी येऊ नये म्हणून भुंकणाऱ्याला चिकन देऊन उपयोग नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सोय आहे, आणि लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. भीती फार तीव्र असेल तर डॉक्टर औषधही देतात. त्यात कमीपणा नाही, पण माणसांची झोपेची गोळी अर्धी करून देणं हा उपाय नव्हे.

काही दिवस शिकवायचेच नसतात. गणपती विसर्जन, जयंतीच्या मिरवणुका, दिवाळी, होळीला नांदेडमध्ये निघणारा हल्लाबोल, लग्नसराईतला डीजे. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहूनही वरचे. त्या दिवशी पहाटेच फिरवून आणा, आतल्या खोलीत बसवा, खिडक्या लावा आणि कूलर सुरू करा. मराठवाड्यातल्या पत्र्याच्या कूलरचा घरघराट बाहेरचा आवाज झाकायला एवढा चांगला आहे की हिवाळ्यात पाणी न घालताही तो चालवावा. आणि उन्हाळ्यात सकाळी आठनंतर डांबरावर नेऊ नका. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात.

बीडच्या पोलीस दलातल्या रॉकी या श्वानाचा उल्लेख पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये केला होता. तीनशेहून अधिक प्रकरणांत त्याने पोलिसांना मदत केली होती. अशी कुत्री बघून आपल्याला वाटतं, यांची जातच वेगळी. पण पोलिसांच्या कुत्र्यामागे निवडून घेतलेलं पिल्लू, पूर्णवेळ सांभाळणारा हवालदार आणि रोजचा सराव असतो. तुमच्याकडे सकाळची दहा मिनिटं आहेत. तेवढ्यात पोलीस कुत्रा होणार नाही. दूधवाला आल्यावर जागेवर बसणारं कुत्रं होऊ शकतं.

यात्रेला न्यायचं की नाही

माळेगावला प्रदर्शनात उतरवायचं असेल तर तयारी दिवाळीच्या आधीपासून हवी. तिथे अनोळखी परीक्षक जवळ येतो, कदाचित दात बघतो, पाठीवर हात फिरवतो. म्हणून आधी घरच्यांनी, मग ओळखीच्यांनी, मग जरा कमी ओळखीच्यांनी कान, ओठ, पंजा हाताळायचा आणि दर वेळी तुकडा द्यायचा. घोडा न पाहिलेल्या कुत्र्याला यात्रेत पहिला घोडा दाखवू नका. त्याआधी लग्नाच्या वरातीचा घोडा लांबून दाखवता येतो. त्याच्याबरोबरचा बँड नको.

पहिल्या वर्षी प्रदर्शनात भाग न घेता फक्त जाऊन या. सकाळी लवकर, गर्दी वाढायच्या आत, माळाच्या कडेला गाडी लावा आणि डिकी उघडी ठेवून कुत्र्याला तिथेच बसवा. उंट दिसला, ‘हां!’, तुकडा. भोंगा वाजला, ‘हां!’, तुकडा. वीस मिनिटं झाली आणि कुत्रं अजून खातंय, मान वळवतंय, तर तिथेच गाडीत बसवा आणि निघा. खंडोबाचं दर्शन घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घेऊन यावं.